अर्जातील फोटो आणि सही

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात, परीक्षेच्या आदल्या दिवशी, आमच्या विभागातून बी. एस्सी. होऊन गेलेली एक विद्यार्थिनी मला भेटायला आली. गाव खानापूरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेचे. बँकेतील कारकुनाच्या परीक्षेचा अर्ज तिने शहरातल्या एका दुकानातून भरला होता. त्या अर्जाची छापील प्रत माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "सर, ही सही माझी नव्हे."

झाले होते ते असे. तिने कागदावर सही करून दिली, पैसे भरले आणि शेवटची बस गाठण्यासाठी ती निघून गेली. मागाहून संगणक ती सही घेईना. 'आकार कमी आहे' असेच तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. शेवटी दुकानदाराने एका कागदावर जाड पेनाने स्वतःच तिचे नाव ओढले आणि ते अर्जाला जोडून तो मोकळा झाला. त्याच्या मते त्याने अडलेल्या गिऱ्हाइकाचे काम करून दिले होते. मुलीने मला विचारले, "सर, उद्या मी त्यांच्यासारखी सही करू का?"

मी नको म्हणालो. आपलीच सही कर, कोणी विचारले तर खरे ते सांग, एवढेच मला सुचले. ती परीक्षेला बसली. पुढच्या यादीत तिचे नाव आले नाही. गुण कमी पडले की सही नडली, हे आम्हांला कळले नाही. 'आकार कमी आहे' याचा नेमका अर्थ तिला ठाऊक नव्हता, दुकानदाराला नव्हता आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही नव्हता. नंतर मी तो समजून घेतला. विद्यार्थी मित्रांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

आकार या एका शब्दाखाली अर्जात दोन निरनिराळ्या गोष्टी येतात : चित्राची लांबीरुंदी आणि त्याचे वजन. संगणकातले चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. आडवे किती ठिपके आणि उभे किती, ही झाली लांबीरुंदी. ती पिक्सेलमध्ये मोजतात. हे सारे ठिपके साठवायला संगणकात किती जागा लागते, ते झाले वजन. ते किलोबाइटमध्ये मोजतात. सरकारी बँकांच्या परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था फोटो २०० बाय २३० ठिपक्यांचा आणि २० ते ५० किलोबाइट वजनाचा मागत आली आहे. सही १४० बाय ६० ठिपक्यांची, १० ते २० किलोबाइटची. इतर परीक्षांचे आकडे वेगळे असतात आणि तेही बदलतात. कर्मचारी निवड आयोगाने तर २०२४ पासून फोटो जोडून घेणेच बंद केले. अर्ज भरतानाच उमेदवाराचा फोटो कॅमेऱ्यासमोर टिपला जातो, सही मात्र जोडावी लागते. म्हणून आकडे पाठ करू नका, त्या त्या वर्षीची जाहिरात वाचा. हिशेब समजला की आकडा कोणताही असो, अडत नाही.

हिशेब साधा आहे. प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबड्या, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या प्रमाणातून ठरतो, आणि त्यासाठी तीन बाइट लागतात. फोटोचे ठिपके ४६,०००. तिपटीने १,३८,००० बाइट, म्हणजे सुमारे १३५ किलोबाइट. हे ५० च्या आत बसवण्याचे काम जेपेग नावाची पद्धत करते. १९९२ मध्ये प्रमाण ठरलेली ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देते. जेथे नक्षी दाट तेथे वजन जास्त राहते, जेथे सपाट रंग तेथे ते झरकन उतरते.

आता सहीकडे पाहा. ठिपके ८,४००; तिप्पट केले तरी २५ किलोबाइटही भरत नाहीत. त्यात बराचसा कोरा पांढरा कागद. जेपेगने आटवल्यावर अशी सही बहुधा तीनचार किलोबाइटवर येते, आणि अर्ज तर निदान दहा मागतो! त्या मुलीच्या सहीत दोष काहीच नव्हता. ती प्रमाणाबाहेर आटली होती. उपाय दोन. चित्र साठवताना जेपेगची प्रत, म्हणजे क्वालिटी, सर्वांत वरची निवडावी. तेवढ्याने न भागल्यास ठिपके त्याच प्रमाणात वाढवावेत, २८० बाय १२० असे. जाहिरातीत १४० बाय ६० हे माप 'पसंतीचे' म्हणून दिलेले असते. वजनाची मर्यादा मात्र सक्तीची असते. एक पथ्य पाळावे : आटवलेले चित्र पुन्हा आटवू नये. दर वेळी थोडा बारकावा जातोच, तेव्हा प्रत्येक खटपट मूळ चित्रापासून सुरू करावी.

सही घेण्याची माझी रीत सांगतो. १४० ला ६० म्हणजे साताला तीन. पांढऱ्या, रेघा नसलेल्या कागदावर पेन्सिलीने सात सेंटिमीटर रुंद आणि तीन सेंटिमीटर उंच चौकट आखावी आणि काळ्या शाईने ती भरेल अशी सही करावी. कागद खिडकीशी ठेवून दिवसाउजेडी, मोबाईल अगदी समांतर धरून फोटो घ्यावा. रात्री दिव्याखाली घेतला तर हाताची सावली पडते, कागद राखाडी दिसतो. मग चौकटीच्या किंचित आतून कापावे. प्रमाण आपोआप जुळते.

फोटोच्या बाबतीत एक गंमत माझ्या ध्यानात आली. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर असतो, पण २०० बाय २३० चे प्रमाण त्याहून बसके आहे. तो तसाच दाबून बसवला की चेहरा रुंद होतो, आणि पर्यवेक्षकासमोर आपलाच फोटो आपल्याला परका ठरू शकतो. दाबू नये, उंचीतून सुमारे अर्धा सेंटिमीटर कापावा, तोही छातीकडून. काही मोबाईलमध्ये फोटो जेपेगऐवजी एचईआयसी या प्रकारात साठतो. नावापुढची अक्षरे बदलून त्याचा जेपेग होत नाही. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही. तो जेपेग म्हणून नव्याने साठवावा लागतो. दुकानदाराला फोटो व्हॉट्सॲपवर धाडायचा तर डॉक्युमेंट म्हणून धाडावा, एरवी वाटेतच तो आटतो.

आयबीपीएस डाव्या अंगठ्याचा ठसा आणि हाताने लिहिलेले घोषणापत्रही मागते. ठशासाठी तीन सेंटिमीटरचा चौरस पुरतो, घोषणापत्रासाठी दहा बाय पाच. घोषणापत्र इंग्रजीतच आणि उमेदवाराच्याच अक्षरात हवे. मराठी माध्यमातल्या आपल्या मुलामुलींनी ते आधी दोनचारदा लिहून पाहावे; ते सगळे कॅपिटल अक्षरांत काढलेले चालत नाही, आणि सहीही चालत नाही. नाव छापील अक्षरांत लिहिणे म्हणजे सही, अशी समजूत मला पहिल्या वर्षाच्या वर्गात हटकून आढळते.

सही हा शब्द या अंकाच्या कन्नड विभागातही सहीच आहे. देवनागरीत करा, कन्नडमध्ये करा, इंग्रजीत करा. पण अर्जावर कराल तीच परीक्षेच्या हजेरीपत्रकावर, तीच पुढे मुलाखतीला. सहीचा आकार कमी करून देणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. अनोळखी ठिकाणी आपली सही आणि फोटो सोडून येणे मला पटत नाही. संगणकातल्या पेंटमध्ये ठिपक्यांचे माप बदलता येते, आणि क्वालिटी निवडू देणारे प्रोग्रॅमही संगणकावर बसवून घेता येतात.

अर्ज दुकानातून भरलात तरी शेवटचे बटण दाबण्यापूर्वी पडद्यावर सगळा अर्ज एकदा दिसतो, तेव्हा खुर्ची सोडू नका. फोटो आणि सही स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. बस चुकली तर आमच्या विभागात येऊन बसा. दुपारी चारनंतर मी तेथे असतो, आणि खिडकीशी उजेडही चांगला असतो.