मोकाट घोड्यांचे कळप : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या पश्चिमेकडील सरकारी कुरणांवर हजारो मोकाट घोडे आहेत. त्यांना मस्टँग म्हणतात. त्यांच्यावर जीव असणारे पुष्कळ. त्यामुळे गैरसमजही पुष्कळ.

गैरसमज : हे अस्सल रानघोडे, माणसाने त्यांच्यात ढवळाढवळ करू नये.
वस्तुस्थिती : उत्तर अमेरिकेतले मूळचे घोडे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाले. मस्टँग हे सोळाव्या शतकापासून स्पॅनिशांनी आणि पुढे इतरांनी आणलेल्या पाळीव घोड्यांचे वंशज. १९७१च्या कायद्याने त्यांना अभय दिले; कुरणाचा समतोल ढळल्यास जादा घोडे हलवण्याची जबाबदारीही सरकारवर टाकली.

गैरसमज : संख्या निसर्गच आवरतो.
वस्तुस्थिती : काही डोंगराळ भागांत प्यूमा शिंगरे मारतो, सगळीकडे नाही. कळप वर्षाला १५ ते २० टक्के वाढतो, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट होतो. शेवटी निसर्ग आवरतो खरा, पण तहान-भुकेने; आणि तोवर गवत उखडलेले असते, झऱ्यांचे काठ तुडवलेले असतात.

गैरसमज : जादा घोडे पकडून नेले की प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : हेलिकॉप्टरने हाकून घोडे पकडले, की मागे उरलेल्यांना मुबलक चारा मिळतो आणि वाढीचा वेग टिकून राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०१३च्या अहवालाने हेच दाखवून दिले. पकडलेल्या सगळ्यांना दत्तक घेणारे मिळत नाहीत; उरलेले सरकारी खर्चाने आयुष्यभर पोसावे लागतात.

गैरसमज : गर्भरोधक लस म्हणजे घोड्यांवर अत्याचार.
वस्तुस्थिती : पीझेडपी ही लस दुरून डार्टने टोचता येते. ती फलन रोखते. घोडी माजावर येतच राहते. अ‍ॅसटीग बेटाच्या मेरीलँडकडील भागातल्या मोकाट घोड्यांवर १९९४पासून ती वापरली गेली. तिथली संख्या घटली, पण सावकाश. कारण विणीचा ताण टळल्याने घोड्या जास्त जगू लागल्या. लशीला मर्यादाही आहेत : ती पुन्हापुन्हा द्यावी लागते, एकेक घोडी ओळखावी लागते, आणि काही ठिकाणी लस दिलेल्या घोड्या कळप अधिक वेळा बदलताना दिसल्या. बेटावर जमले ते नेवाडाच्या अफाट माळावर एकट्या डार्टने जमणार नाही. तिथे घोडे गोळा करायचे, काही हलवायचे आणि परत सोडायच्या घोड्यांना लस द्यायची, हे एकत्रच करावे लागते.

गैरसमज : खाऊ घालणे ही भूतदया.
वस्तुस्थिती : अ‍ॅसटीगवर पर्यटकांच्या खाऊला सोकावलेले घोडे रस्त्यावर येतात, माणसांना चावतात, गाड्यांखाली मरतात. म्हणून तिथे खायला घालण्यास बंदी आहे.

एकूण, आधी मोजणी, मग पाणी-गवताचा हिशेब, आणि कळप आटोक्यात असतानाच लस. दुष्काळ पडेपर्यंत थांबले, तर हातात एकच मार्ग उरतो : धरपकड. घोड्यांना तोच सर्वांत जाचक, आणि सरकारी तिजोरीलाही तोच सर्वांत महाग.