नववीच्या उंबऱ्यावर अडलेलं स्वमग्न पोर

बीड जिल्ह्यात स्वमग्न मुलाची गाडी आठवीपर्यंत कशीबशी जाते. जिल्हा परिषदेची शाळा गावातलीच, गुरुजी ओळखीचे, वर्गातल्या पोरांनाही सवय झालेली. नववीला शाळा बदलते. मिसरूड फुटलेलं असतं, अंगात ताकद आलेली असते. मग ऐकवलं जातं, "चौदा वर्षं झाली, कायदा संपला. आता मतिमंदांच्या शाळेत टाका."

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. चौदाची मर्यादा 2009च्या शिक्षण हक्क कायद्याची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016चा, आणि तो वेगळा. त्याच्या कलम 31 नुसार 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाची, म्हणजे व्यवहारात आईबापाची. मुख्याध्यापकांची नव्हे.

"सर्टिफिकेट आहे की आमच्याकडे," असं पालक सांगतात. पण त्यावर लिहिलंय काय, ते एकदा वाचा. 1995च्या जुन्या कायद्यात स्वमग्नता नव्हतीच, त्यामुळे लहानपणी कागद काढलेल्या कितीतरी मुलांवर 'मतिमंद' एवढाच शिक्का आहे. नव्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ती स्वतंत्र आहे. तपासणी 'इसा' या भारतीय मापनपट्टीवर होते. तिच्यात 40 बाबी असतात: नजर देतो का, ऐकलेलं तेच तेच बोलतो का, स्वतःला इजा करतो का. प्रत्येकीला 1 ते 5 गुण. बेरीज 70 झाली की स्वमग्नता धरतात, 153च्या वर गेली की तीव्र. तिथं आया मायेपोटी सांगतात, "घरी सगळं करतो हो." असं करू नका. त्याचा वाईटातला वाईट दिवस सांगा, नाहीतर टक्केवारी खाली येते आणि वरचा हक्कच निसटतो.

वयात आल्यावर मुलगा अचानक मारायला उठला, की कुणी म्हणतं बाहेरचं झालंय, कुणी म्हणतं लग्न लावा, सुधारेल. लग्नानं एकच होतं, दुसऱ्या घरची एक पोरगी भरडली जाते. स्वमग्न मुलांत फिट्स येण्याचं प्रमाण जास्त, आणि किशोरवयात त्या पहिल्यांदाही सुरू होतात. दाढ दुखते, कान ठणकतो, पोट साफ होत नाही, आणि सांगता येत नाही. शाळा बदलण्याआधी डॉक्टर गाठा. वर्गातही कारण सापडतं. घंटा कानाशी वाजत असेल तर बसायची जागा बदला. दिवसाचा क्रम पुठ्ठ्यावर चित्रांनी लावा: प्रार्थना, गणित, डबा, घर. याला अनुदान लागत नाही.

"हंगामी वसतिगृह आहे ना," हा खास आपल्या जिल्ह्याचा दिलासा. आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहणाऱ्या मुलांसाठी ही सोय आहे खरी, पण ज्याला अंघोळीपासून आधार लागतो त्याचं तिच्यात भागत नाही. दिवाळीनंतर कोयता उचलण्याआधीच गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाशी बोला. शिक्षण हक्क कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीनं तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचाही हक्क दिला. तो पालकांनी वापरायचा पर्याय आहे. शाळेनं त्याआड मुलाला घरी धाडायचं नाही.

दहावीचं म्हणाल, तर बोर्ड जादा वेळ आणि लेखनिक देतं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थाही आहे. पण ज्याला संडासला लागली हे सांगता येत नाही, त्याचा पहिला धडा तोच. शाळा पाहायला जाल तेव्हा निकाल विचारण्याआधी मुतारी पाहा आणि त्याच्यासोबत कोण जाईल ते विचारा.

आणखी एक. आईबाप जन्मभर कायदेशीर पालक राहतात, असं सगळे धरून चालतात. 18 पूर्ण झाले की तसं राहत नाही. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून सतराव्या वर्षापासूनच कागद जमवायला लागा.