घास गिळायच्या आधी

पचनाचा विषय निघाला की हात पोटावर जातो. पोट बिघडलं, पोट गच्च झालं, पोटात जळजळतंय, सगळं बोलणं पोटाचं. तोंडाची आठवण येते ती चवीपुरती. पण अन्नावरची पहिली रासायनिक प्रक्रिया तोंडातच होते. शिवाय पचनाच्या साऱ्या प्रवासात आपल्या हातात काही असेल तर ते एवढंच. घास घशाखाली उतरला की पुढचं काम आपल्याला न विचारता चालतं. फराळाच्या दिवसांत म्हणूनच तोंडाबद्दल जरा सविस्तर सांगावंसं वाटतं.

तयारी घास तोंडात जायच्या आधीच सुरू झालेली असते. चकली तळल्याचा वास आला, चिंच नुसती डोळ्यांपुढे आली, तरी तोंडाला पाणी सुटतं. आणि फक्त तोंडालाच नाही. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांच्या अन्ननलिकेला शस्त्रक्रियेने गळ्यापाशी वाट काढून दिली होती. कुत्रा चवीने खाई, पण घास जठरात न जाता बाहेर पडे. तरीही काही मिनिटांत रिकाम्या जठरात पाचकरस पाझरू लागे. मेंदूकडून जठराकडे येणारी व्हेगस नस कापली की हे थांबे. जठराला वर्दी मेंदूच देतो, हे त्यातून दिसलं. पाव्हलोव्ह यांचं नाव घंटा आणि लाळेच्या प्रयोगांशी जोडलेलं असलं, तरी १९०४ चं नोबेल त्यांना मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी.

लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. एक कानांच्या पुढे, खालच्या बाजूला; गालगुंड झाल्यावर सुजते ती हीच. दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. दिवसभरात साधारण एक ते दीड लिटर लाळ पाझरते. झोपेत मात्र अगदी थोडी. तिच्यात बहुतांश पाणीच असतं, पण उरलेल्या अंशात मोठी कामं दडलेली आहेत. म्युसिनमुळे घास बुळबुळीत होतो, बायकार्बोनेट आम्लापासून दात सांभाळतं, लायसोझाइम जिवाणूंना मारतं. आणि अमायलेज हे विकर पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं.

अमायलेजचं काम घरीही पाहता येतं. भाताची पातळ पेज कोमट होऊ द्या आणि दोन पेल्यांत थोडी थोडी घ्या. एकात चमचाभर लाळ घालून ढवळा, दुसरा तसाच ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब टाका. नुसत्या पेजेला गडद निळा रंग चढतो. लाळ घातलेली पेज फिकट राहते, कारण तिच्यातलं बरंचसं पिष्ट तोवर मोडलेलं असतं. पेज कढत असेल तर विकर निकामी होतं आणि प्रयोग फसतो. लाळेचा पिष्टावरचा हा परिणाम १८३१ मध्ये लॉइक्स या जर्मन रसायनतज्ज्ञाने नोंदवला. आयोडीन नसेल तर ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा मिनिटभर नुसता चावत राहा. पुसटशी गोडी लागते, ती पिष्टापासून बनलेल्या माल्टोजची.

भात-भाकरीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे विकर विशेष महत्त्वाचं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिष्टमय अन्न जास्त खाणाऱ्या समाजांत लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती सरासरीने अधिक आढळल्या. त्यात जपानी होते, तसे टांझानियातले कंदमुळं खाणारे हाडझाही होते.

दातांचं काम रसायनांइतकंच मोलाचं आहे. पटाशीचे दात तोडतात, सुळे फाडतात, दाढा दळतात. तुकडे जितके बारीक, तितका पाचकरसाला पृष्ठभाग जास्त. अठराव्या शतकात इटलीच्या स्पालान्झानी यांनी अन्न भरलेल्या कापडी पिशव्या आणि लाकडी नळ्या स्वतः गिळून पाहिल्या. चावलेलं अन्न न चावलेल्यापेक्षा लवकर विरघळतं, हे त्यांना आढळलं. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा या नियमातल्या आकड्याला मात्र आधार नाही. मऊ भाताला तितकं चावणं लागत नाही, भाजलेल्या चण्यांना त्याहून जास्त लागेल.

मला खरी काळजी वाटते ती घरातल्या वडीलधाऱ्यांची. दाढा पडल्या की त्यांच्या ताटातून भाकरी, उसळ, कोशिंबीर एकेक करून उठते आणि रोज पातळ खिचडी उरते. कवळी म्हणजे म्हातारपणची हौस, असं समजून तो खर्च पुढे ढकलला जातो. त्यात रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. घास फिरत नाही, घशाशी अडकतो. ‘आजी हल्ली जेवत नाही’ अशी तक्रार डॉक्टरांकडे नेताना तोंड कोरडं पडतं का, कवळी टोचते का, हेही सांगायला हवं.

गिळताना मऊ टाळू वर उचलून नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर सरकतं, त्याच्यावरची झडप खाली झुकते आणि श्वास क्षणभर थांबतो. खाता खाता बोललं की हा मेळ चुकतो आणि ठसका लागतो. पुढे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घट्ट घास आठ-दहा सेकंदांत जठरात पोहोचतो. स्नायूंच्या लाटा त्याला ढकलत असल्यामुळे उलटं टांगलेल्या माणसालाही गिळता येतं.

तोंडात घास फार थोडा वेळ राहतो, त्यामुळे तिथे जेमतेम पाच टक्के पिष्ट मोडतं. पण लाळेचं काम तिथे संपत नाही. जठराच्या वरच्या भागात अन्नाचा गोळा काही काळ न घुसळता पडून असतो. आम्ल त्याच्या गाभ्यात शिरेपर्यंत, कधी कधी तासभर, अमायलेज आतल्या आत पिष्ट तोडत राहतं. तीस-चाळीस टक्के पिष्टाचं विघटन असं होऊन जातं. मग आम्ल आत मुरतं आणि विकर थंडावतं. उरलेलं पिष्ट लहान आतड्यात उतरल्यावर स्वादुपिंडाचं अमायलेज हाती घेतं.