ढकललेला चढ गोष्टीत येत नाही

रविवारी साडेनऊ-दहाच्या सुमाराला वसईतल्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर पाच-सहा सायकली आडव्या पडलेल्या दिसल्या, तर त्या आमच्या. पहाटे अंधारात निघायचं, हायवेपलीकडे तुंगारेश्वरच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि साधारण पंधरा किलोमीटर मागे येऊन इथे टेकायचं, हा आमचा नेम. एका बाजूला ओढून ठेवलेल्या होड्या, दुसऱ्या बाजूला बांबूंवर वाळत घातलेले बोंबील, पाठीशी किल्ल्याची तटबंदी. थर्मासमधला चहा निघतो, वाटेत पाववाल्याच्या सायकलवरून घेतलेले पाव निघतात आणि गोष्टी सुरू होतात.

या गोष्टी मला राइडइतक्याच प्रिय आहेत. कुठल्या वळणावर खडी सुटली आहे, कुठल्या उतारावर मागे सरकून बसायचं, हे मी इथेच शिकलो. पण याच बैठकीतून नव्या मुलामुलींच्या मनात चुकीच्या समजुती बसताना पाहिल्या आहेत. गोष्ट सांगणारा खोटं बोलत नाही, तो काही भाग गाळतो. उताराचा वेग सांगतो, त्याआधीचा अर्धा तास सांगत नाही. ते गाळलेले अर्धे तास इथे लिहितो आहे.

"खरा रायडर चढावर पाय टेकत नाही."

गेल्या थंडीत कॉलेजात जाणारी एक मुलगी आमच्यात यायला लागली. भावाची जुनी सायकल, पण जिद्द मोठी. तीन रविवार आली, मग येईना. भेटल्यावर विचारलं तर म्हणाली, "काका, तुम्ही सगळे तो दगडांचा चढ चढून जाता. मी एकटीच ढकलत येते." त्या चढावर आम्ही पाचजण होतो आणि पाचांतले तिघे उतरून ढकलत होतो. ती मागे होती म्हणून तिला दिसलं नाही. किनाऱ्यावरच्या गोष्टीतही तिला ते ऐकू आलं नाही, कारण तिघांपैकी एकानेही ते सांगितलं नव्हतं. त्या तिघांत मी होतो.

उतरून ढकलणं हा या खेळाचाच भाग आहे. माउंटन बायकिंग १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये आलं. या शर्यतींतही चढ फार उभा असला किंवा वाट अडली, तर स्पर्धक सायकल हातात धरून धावतात, खांद्यावर घेतात, आणि नियमांना ते चालतं. आपल्या डोंगरात सुट्या काळ्या दगडांवर मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पाय टेकणं हा शहाणपणाचा निर्णय. तिथे ताकद जाळणारा माणूस परतीच्या उतारावर थकलेल्या हातांनी ब्रेक धरतो, आणि पडझड तिथेच होते.

"महागडी सायकल नसेल तर डोंगराचं नाव काढू नये."

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटी आहे. तिथली काही पोरं १९७०च्या दशकात भंगारात जमा होणाऱ्या, रुंद टायरच्या जुन्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या उताराचं नाव पडलं रीपॅक, म्हणजे पुन्हा भरणं. पायडल उलटं दाबून लावायचा मागचा ब्रेक खाली पोचेपर्यंत इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि घरी गेल्यावर नवं ग्रीस भरावं लागायचं. १९७७मध्ये जो ब्रीझने अशा वाटांसाठी मुद्दाम फ्रेम बनवली आणि १९८१ला स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर दुकानांत आली. म्हणजे खेळ आधी जन्मला, त्याची सायकल मागाहून.

तेव्हा साधी गिअरची, आपल्या उंचीला बसणारी, दोन्ही ब्रेक नीट लागणारी सायकल सुरुवातीला पुरते. उलट स्वस्तात पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन देणाऱ्या सायकलींपासून नवख्याने लांब राहावं असं माझं ठाम मत आहे. त्या जड असतात, आणि चढावर मारलेलं पायडल मागच्या स्प्रिंगमध्येच जिरतं. त्याच पैशांत फक्त पुढे सस्पेन्शन असलेली बरी सायकल येते. आणि हेल्मेटवर काटकसर नको. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून शाबूत दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते बदलायचं.

"पुढचा ब्रेक दाबला की तोंडावर आपटलोच."

लहानपणी घरच्यांनी घातलेली ही भीती मोठेपणीही सुटत नाही. सायकल थांबवताना वजन पुढे येतं, त्यामुळे पकड पुढच्या चाकाला जास्त आणि मागच्याला कमी मिळते. फक्त मागचा ब्रेक लावला तर चाक अडकून घसरतं, सायकल लवकर थांबत नाही, वाटेवर मात्र लांब चर उमटतो. आपटतो तो पुढचा ब्रेक लावणारा नव्हे, तो एकदम आवळणारा, किंवा वळणात चाक तिरपं असताना दाबणारा. वजन मागे न्यायचं, टाचा खाली, एका बोटाने हळूहळू दाब वाढवायचा. आपल्याकडे सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. बाहेरून आलेल्या सायकलवर उलटंही असू शकतं. दुसऱ्याची सायकल घेतली की उताराआधी सपाटीवर दोन्ही दाबून बघावेत.

टायरच्या हवेबद्दलही अशीच एक समजूत आहे, की हवा जितकी टाइट तितका वेग. डांबरावर ठीक. दगडांवर टणक टायर उसळतो, पकड सोडतो. हवा थोडी कमी असली की टायर दगडाचा आकार घेतो. ट्यूब असेल तर फार कमी करू नये. दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

"डोंगर धोक्याचा, किनारा सोपा."

हा गैरसमज पाचूबंदरच्याच लोकांनी आमच्या डोक्यातून काढला. एका रविवारी डोंगराचा बेत रद्द करून आम्ही किनाऱ्याने उत्तरेला जायचं ठरवलं. जाळं शिवत बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "पोरांनो, आज तिथी कोणती?" कुणालाच सांगता येईना. मोबाईलवर पाऊस होता, वारा होता. तिथी कुणी पाहिली नव्हती.

आजोबा तिथी विचारत होते ते भरतीसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊण सहा, भरती सहाच्या आसपास, सकाळीही आणि संध्याकाळीही. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप वर येतं आणि खूप आत जातं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, चढउतार कमी. हा हिशोब ढोबळ आहे, नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक पाहावं. पण पहाटे चहा पिताना बोटांवर करता येतो, आणि सायकलवाल्याला त्याचा थेट उपयोग आहे. पाणी ओसरल्यावर जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते तेवढीच चालवण्यासारखी. वरची कोरडी वाळू चाक गिळते. खाडीच्या तोंडाशी वाळूऐवजी गाळ लागतो, तिथे सायकल आणि माणूस दोघंही रुततात. पौर्णिमेच्या रविवारी पहाटे साडेपाच-सहाला किनारा रस्त्यासारखा मिळतो. अष्टमीच्या रविवारी त्याच वेळी तिथे पाणी असतं.

शिवाय हा किनारा मोकळा नाही. होड्यांचे दोर वाळूवर आडवे पडलेले असतात, कोवळ्या उन्हात ते दिसत नाहीत. नांगर अर्धे पुरलेले असतात. मासळी वाळत असते, बायका बोंबील उलटत असतात. आपली ट्रेल ती त्यांची कामाची जागा आहे. होड्या आणि वाळवण लागलं की आम्ही उतरून चालत जातो, वाळू उडवत नाही, मधून वाट काढत नाही. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. एका मावशीने हात करून थांबवल्यावर सुचलं.

आणि मीठ. समुद्राच्या पाण्यातून सायकल नेण्याचा फोटो सुंदर येतो. संध्याकाळपर्यंत साखळीवर तांबूस थर दिसतो, महिन्याभरात बेअरिंग कुरकुरायला लागतं. घरी गेल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, पण हब आणि पायडलच्या मधल्या बेअरिंगवर जोराची धार मारायची नाही, पाणी आत शिरतं. मग पुसून, साखळी कोरडी झाल्यावर तेल.

"जंगलात पायवाट दिसली, म्हणजे ती सगळ्यांची."

तुंगारेश्वर २००३पासून अभयारण्य आहे, सुमारे ८५.७ चौरस किलोमीटर. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं २७वं कलम अभयारण्यात कुणी जाऊ शकतं ते ठरवतं: तिथले रहिवासी, तिथे जमिनीचा हक्क असलेले, कामावरचे सरकारी सेवक, सार्वजनिक रस्त्याने जाणारे. बाकीच्यांना परवाना लागतो आणि २८व्या कलमाखाली तो पर्यटनासाठीही मिळू शकतो. म्हणजे दार बंद नाही, पण ते वाजवावं लागतं. देवळाच्या रस्त्यावरून आत फुटलेली प्रत्येक वाट आपल्यासाठी नाही. त्यातल्या कितीतरी वाटा पाड्यांवरच्या बायकांनी मोळ्या वाहून पाडलेल्या आहेत. आडवाटेची रेघ मोबाईलमध्ये नोंदवून सगळ्यांना पाठवणं मला सर्वांत चुकीचं वाटतं. एकजण चुकून गेला तर वाट विसरते. रेघ पाठवली की पन्नासजण जातात.

"बिबट्या तिकडे डोंगरात, इकडे गावात नाही" हेही ऐकतो. मार्च २०२४च्या अखेरीस खुद्द वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला आणि एप्रिलमध्ये पिंजऱ्यात सापडला. ते आठवडे पाचूबंदर आणि किल्लाबंदरच्या लोकांनी अंधार पडला की घरं जवळ केली होती. किल्ल्यातून जाणारा रस्ता त्यांच्या रोजच्या येण्याजाण्याचा आहे. आता आम्ही किल्ल्यातून उजाडल्यावरच जातो, एकमेकांना धरून, पुढचा दिवा चालू ठेवून.

"सायकलीच वाटा खराब करतात."

पायी फिरणारे मित्र हे म्हणतात आणि सायकलवाले लगेच चिडतात. कॅनडात ऑन्टारिओमधल्या एका जंगलात थर्स्टन आणि रीडर या अभ्यासकांनी वेगवेगळ्या पट्ट्यांवर सायकली आणि माणसं ५०० फेऱ्यांपर्यंत नेली आणि माती-झाडोऱ्यावरचा परिणाम मोजला. २००१मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दोघांच्या परिणामात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पण हा निकाल झेंड्यासारखा मिरवू नये. ती जमीन कोकणातल्या पावसात भिजलेली नव्हती. जुलैत आपली माती लोण्यासारखी होते. ब्रेक अडकवून घसरलेल्या एका चाकाचा चर पुढच्या सरीत ओहोळ होतो. पायी असो वा सायकलवर, भिजलेल्या वाटेवर दोघांनी जाऊ नये.

म्हणून "खरी मजा पावसातच" हे मी मान्य करत नाही. शेवाळलेल्या काळ्या दगडावर कुठलाही टायर टिकत नाही. चिंचोटीच्या धबधब्यावर बुडून किती घरांतली पोरं गेली, म्हणून तिथे पावसाळ्यात मनाईचे आदेश निघतात. ते आदेश चुकवून गेल्याची गोष्ट आमच्या बैठकीत कुणी सांगायला लागलं तर मी उठून जातो. पावसाळ्यात डांबरी रस्ता आहे: शिरसाडवरून वज्रेश्वरीला जावं. चिमाजी अप्पांनी १७३९ला वसई जिंकल्यावर नवस फेडायला बांधलेलं देऊळ आहे तिथे, आणि वाटेत भातखाचरं.

"मोबाईलने दाखवली तेवढी चढाई झाली."

एकाच वाटेवर दोन मोबाईल दोन आकडे दाखवतात. उपग्रहांवरून जागा जितकी बरी कळते तितकी उंची कळत नाही, आणि दाट झाडी, दरी यांत चूक वाढते. हवेचा दाब मोजणारं घड्याळ जरा बरं. आकड्यावरून वाद घालू नये.

आता बैठकीत आम्ही एक साधा बदल केला आहे. चहा ओतला की प्रत्येकाने आधी सांगायचं, कुठे उतरलो आणि कुठून मागे फिरलो. पहिल्या रविवारी अवघडल्यासारखं झालं. मग आमच्यातल्या सगळ्यांत दणकट माणसाने सांगितलं, की गेल्या महिन्यात दगडांच्या चढाखाली छातीत धडधड वाढली म्हणून तो वीस मिनिटं बसून राहिला होता. त्या दिवशी आम्ही त्याला मागे टाकून गेलो होतो आणि आम्हाला पत्ताही नव्हता. तेव्हापासून शेवटच्या माणसासाठी प्रत्येक फाट्यावर थांबतो.

ती मुलगी परत यायला लागली आहे. काल रात्री तिचा निरोप आला: "उद्या दशमी, भरती साडेसातला. किनारा नको, पायथ्याला जाऊ. नाक्यावर साडेपाचला."