भाड्याच्या तासातली पंधरा मिनिटं

पोंगलनंतरच्या दिवसांत तंजावरच्या शिवारात दव सुकेपर्यंत हार्वेस्टर बांधाला उभाच असतो. ओलं भात कापलं तर पेंढा फिरत्या शाफ्टला गुंडाळतो, शिवाय दाण्यात ओल राहिली तर खरेदी केंद्रावर माल अडतो. तिथली ओलाव्याची नेहमीची मर्यादा १७ टक्के. म्हणून ऊन चढलं की यंत्र सुटतं आणि दिवे लावून रात्रीपर्यंत चालतं. हार्वेस्टरला लागणाऱ्या आगीचं मूळ या घाईत आहे.

कावेरीच्या ओलसर मातीत आग कसली लागणार, असं वाटेल. पण वाळलेलं सगळं यंत्रच पोटात घेऊन फिरत असतं. सरफोजी राजांच्या काळी या शिवारात विळा चालायचा, खळ्यावर बैल फिरायचे आणि विस्तवाची भीती गंजीपुरती होती. आता तापलेलं इंजिनच पेंढ्यातून वाट काढतं. भार पडल्यावर धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या आणि टर्बो चारशे-पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापतात. वाळका पेंढा त्याच्या कितीतरी आधी पेट घेतो. मळणीतून उडालेलं तूस आणि भुसा इंजिनाच्या कोनाकोपऱ्यात बसतो, त्यावर गळकं डिझेल किंवा हायड्रॉलिकचं तेल ठिबकतं. भुशाच्या आत ठिणगी तासभर धुमसत राहते, वर काही दिसत नाही. वाऱ्याची झुळूक आली की भडका.

दुसरं कारण बेअरिंग. ग्रीस संपलं किंवा शाफ्टला पेंढा घट्ट गुंडाळला की ते घासून लालबुंद होतं. घसरणारा पट्टाही तसाच तापतो आणि जळक्या रबराचा वास आधी येतो. तो वास आला की थांबायलाच हवं. दोन हंगामांच्या मध्ये यंत्र महिनोन्‌महिने उभं असतं, तेवढ्यात उंदीर वायरी कुरतडतात. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणं तर मला अक्षम्य वाटतं. वायर जळण्याआधी तुटायचं, हे फ्यूजचं एकच काम. तेच आपण काढून घेतो. खाली लोंबणाऱ्या विजेच्या तारांजवळ धान्य ओतायची नळी उचलू नये, हेही ओघाने आलंच.

उपाय जुनाच: साफसफाई. ब्लोअरने इंजिन, सायलेन्सर, रेडिएटरची जाळी फुंकून काढायला पंधरा मिनिटं पुरतात. कडक उन्हाच्या दिवसांत हे दिवसातून दोन-तीनदा हवं. मग होत का नाही? कारण भाडं तासावर आहे. बाहेरच्या जिल्ह्यांतूनही यंत्रं इथे येतात. चेनच्या आणि चाकांच्या यंत्रांचे ताशी दर जिल्हा प्रशासन जाहीर करतं. बंद यंत्राचे पैसे कोण देणार? शेतकऱ्याला ती मिनिटं महाग वाटतात, चालकाला पुढचं शेत गाठायचं असतं. माझ्या मते सफाईचा वेळ भाड्यातच धरला पाहिजे आणि दर ठरवण्याच्या बैठकीत ते स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे.

शेतकऱ्याने तरी हे मागावंच, कारण तंजावरमध्ये पणाला लागतं ते नुसतं भात नसतं. सांबा हंगामातल्या भाताच्या कापणीआधी आठ-दहा दिवस उभ्या पिकातच उडीद-मूग फेकून पेरतात. जमिनीतल्या उरल्या ओलीवर ते वाढतं. यंत्र फिरतं तेव्हा खाली दुसऱ्या पिकाचे कोंब असतात. वरचा पेंढा पेटला तर एका दुपारी दोन हंगाम जातात.

यंत्रावर सुक्या पावडरीची दोन अग्निशामक नळकांडी असावीत, एक चालकाच्या हाताशी आणि एक जमिनीवरून काढता येईल असं. हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून अधूनमधून नळकांडं उलटं करून हलवावं. धूर दिसला तर जमल्यास उभ्या पिकातून बाहेर कापलेल्या पट्ट्यात यावं, इंजिन बंद करून उतरावं आणि १०१ किंवा ११२ फिरवावा. इंजिनाचं झाकण खाडकन उघडू नये, आत हवा जाऊन जाळ वाढतो. डिझेलच्या आगीवर पाणी ओतू नये, ते जळतं तेल पसरवतं.

काम संपल्यावरही धोका असतो. पंखा थांबतो, हवा फिरत नाही, आणि इंजिनातली धग अडकलेल्या भुशात उतरते. म्हणून इंजिन गरम असताना डिझेल भरू नये. यंत्र गंजीपासून लांब, मोकळ्या जागेत लावावं, बॅटरीचा स्विच बंद करावा आणि अर्ध्या तासाने एकदा परत जाऊन इंजिनाजवळ वास घ्यावा.