फोन घरचा, शोध माझा



मागच्या महिन्यात करवीर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बायका उठल्या. एक काकी मात्र मागे रेंगाळल्या. हळूच म्हणाल्या, "ताई, पोराच्या फोनवर पिशवी काढायला किती खर्च येतोय ते बगितलं हुतं. घरात कुणालाच सांगितलं न्हवतं. सांजच्याला सून पिठाच्या गिरणीचं कायतरी शोधाय बसली. नुसतं 'पि' टाकलं, तर माझंच वाक्य वर आलं की!"

सून समंजस होती, म्हणून निभावलं. पण दुखणं घरात कधी सांगायचं, कुणाला आधी सांगायचं, हे काकींनी ठरवायला हवं होतं. ते फोननं ठरवलं.

मग गावातल्या एका मुलानं त्यांना सांगितलं, "इन्कॉग्निटो उघडा, कुणाला काही कळत नाही." हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आज समजून घेऊ.

आधी ब्राउझर म्हणजे काय? पुष्कळ जणी म्हणतात, "गूगल." गूगलचा शोध म्हणजे रस्ता विचारायचं ठिकाण. ब्राउझर म्हणजे तिथवर नेणारं वडाप. सातबारा बघायचा, योजनेचा अर्ज भरायचा, शाळेचा निकाल बघायचा, तर आपण त्या वडापात बसतो. बहुतेक फोनमध्ये गूगल कंपनीचं क्रोम आधीपासून असतं. सॅमसंगच्या फोनमध्ये त्यांचं स्वतःचंही असतं. आपण तेच वापरत राहतो, कारण ते समोर दिसतं. पण वडाप बदलता येतं. दुसरा ब्राउझर प्ले स्टोअरवर फुकट मिळतो आणि पहिला काढावाही लागत नाही.

आपल्या भागाला संगणक तसा नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या आसपास, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रं सुरू झाली. उसाचं वजन, बिलाची माहिती गावातच मिळावी हा हेतू होता. केंद्रात संगणक चालवणारा माणूस असे. आपण काय विचारलं ते त्याला कळायचं, पण तो समोर दिसायचा. आज संगणक आपल्या हातात आलाय आणि बघणारा दिसेनासा झालाय.

बघणारे दोन प्रकारचे असतात. एक घरातले, दुसरे बाहेरचे. दोघांसाठी उपाय वेगळे आहेत.

घरातल्यांचं आधी बघू. एक फोन तिघं-चौघं वापरतात. ब्राउझर आपण कुठं गेलो त्याची यादी ठेवतो, तिला हिस्टरी म्हणतात. टाकलेले शब्द लक्षात ठेवतो. "पासवर्ड सेव्ह करू का?" असं विचारतो आणि आपण घाईत हो म्हणतो. दुसऱ्याच्या फोनवर याला कायम नाही म्हणायचं.

इन्कॉग्निटो इथं कामाला येतं. टोपी आणि चष्म्याचं चिन्ह असलेली ही खिडकी आहे. ती बंद केली की त्या फोनवर हिस्टरी उरत नाही. मात्र उतरवून घेतलेली फाइल तशीच राहते, ती आपणच पुसायची. आणि साध्या खिडकीत शोधलं असेल, फोनमध्ये मुलाचं गूगल खातं चालू असेल, तर तो शोध त्या खात्यातही नोंदला जाऊ शकतो. मग नुसती फोनवरची हिस्टरी पुसून भागत नाही.

आता बाहेरचे. समजा तुम्ही महाद्वार रोडला दहा दुकानं फिरलात. एका दुकानात साडी बघितली, एकात औषध विचारलं, एकात मंगळसूत्र मोडलं तर किती येतील ते विचारलं. प्रत्येक दुकानदाराला आपल्या दुकानातलं तेवढं कळलं. पण एकच माणूस वही घेऊन दहाही दुकानांत बसला असेल तर? त्याला कळेल की ही बाई आजारी आहे आणि पैशाच्या अडचणीतही आहे. इंटरनेटवर असे वहीवाले असतात. त्यांना ट्रॅकर म्हणतात. एकदा एखादी वस्तू बघितली की आठवडाभर तिचीच जाहिरात मागं लागते, ती त्या वहीमुळं. चपलेची जाहिरात आली तर बिघडत नाही. पण आजार, कर्ज, नवऱ्याची मारहाण यांच्या नोंदी अनोळखी माणसाच्या वहीत का असाव्यात?

या वहीवाल्यांना इन्कॉग्निटो पुरतं अडवत नाही. आपण ज्या वेबसाइटवर जातो तिला आपण दिसतो. सिमकार्डच्या कंपनीलाही आपण कुठल्या साइटवर गेलो ते कळू शकतं. २०२० मध्ये अमेरिकेत लोकांनी गूगलवर याच कारणानं दावा लावला, की इन्कॉग्निटोत असतानाही आमची माहिती गोळा झाली. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि गूगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं.

मग ब्राउझर निवडायचा कसा? तीन प्रश्न विचारा. याचा खर्च कोण भागवतं? हा वहीवाल्यांना आपणहून अडवतो का? आणि माझं रोजचं काम यात होतं का?

क्रोम सुरक्षित आहे, फसव्या साइटवर गेलात तर इशारा देतो, इंग्रजी पान मराठीत करून दाखवतो. पण तो बनवणाऱ्या कंपनीची मोठी कमाई जाहिरातींची आहे. वहीवाल्यांना अडवायची सोय त्यात आहे, ती आपण चालू करायची: वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, थर्ड-पार्टी कुकी, आणि तिथं 'ब्लॉक'.

फायरफॉक्स मोझिला नावाच्या ना-नफा संस्थेच्या मालकीचा आहे. बरेचसे ट्रॅकर तो आपणहून अडवतो आणि मराठीत मिळतो. बंद करताना सगळं पुसून टाकायची सोयही त्याच्या सेटिंगमध्ये आहे. त्याचंही मोठं उत्पन्न गूगलकडूनच येतं, कारण शोधासाठी तो गूगल पुढं ठेवतो. हेही माहीत असू द्या.

ब्रेव्ह जाहिराती आणि ट्रॅकर दोन्ही अडवतो, त्यामुळं पान लवकर उघडतं. कधी एखादा सरकारी अर्ज त्यात नीट उघडत नाही. तेव्हा वरच्या सिंहाच्या चिन्हावर जाऊन त्या साइटपुरती अडवणूक बंद करायची.

डकडकगोमध्ये ज्योतीचं चिन्ह आहे. ते दाबलं की उघडलेली पानं आणि मागची नोंद एका झटक्यात जाते. एक फोन सगळ्यांत फिरत असेल तर हे सोपं पडतं.

ऑपेरा मिनी नेट कमी खातो, रेंज कमी असलेल्या वाडीवर बरा. पण नेट वाचवताना पान त्यांच्या संगणकावरून दाबून लहान होऊन येतं. बँकेचं काम त्यात करू नये. आणि यूसी ब्राउझरवर भारत सरकारनं जून २०२० मध्ये बंदी घातली. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची फाइल पाठवली तर घेऊ नका. कुठलाही ब्राउझर प्ले स्टोअरवरूनच घ्यायचा आणि अपडेट करत राहायचं.

माझं म्हणाल तर मी दोन ठेवलेत. बँक आणि सरकारी कामाला क्रोम, कुकी ब्लॉक करून. बाकी सगळ्या शोधाला फायरफॉक्स. म्हणजे दोन कामांच्या नोंदी एकमेकींत मिसळत नाहीत.

एक मात्र ध्यानात ठेवा. चांगलं वडाप म्हणजे चांगलं दुकान नव्हे. कुठलाही ब्राउझर असो, पत्त्याजवळ कुलूप दिसलं तर मधल्या वाटेत कुणी वाचत नाही एवढंच कळतं. दुकानदार प्रामाणिक आहे असं ते कुलूप सांगत नाही. लाडकी बहीण योजनेच्या नावानं बनावट साइट निघाल्याच की! आधार नंबर टाकण्याआधी पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'नं संपतो का ते वाचा. पैशाची फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. आणि एखादी साइट "नोटिफिकेशन पाठवू का?" विचारते तेव्हा नाही म्हणा. "तुमच्या फोनला व्हायरस लागलाय" असे खोटे निरोप बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की पंधरा मिनिटं जादा बसा. प्रत्येकीनं आपला किंवा घरचा फोन आणायचा. सेव्ह झालेले पासवर्ड बघायचे, कुकी ब्लॉक करायच्या, आणि दुसरा एक ब्राउझर उतरवून घ्यायचा. जिला येतं तिनं शेजारणीला दाखवायचं, पण तिच्या फोनची हिस्टरी वाचायची नाही.

त्या काकींच्या हाती मी ज्योतीचं बटण दिलं. त्यांनी दोनदा दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आता डॉक्टरकडं जाऊन आले की मीच सांगीन सगळ्यास्नी."