पोत्याचे अस्वल, खरी ओळख

मायबापहो, आपल्या लहानग्याला एकदा विचारून पाहा, "अस्वल माणसाला काय करतं रे?" बहुतेक मुले सांगतील, "गुदगुल्या करून मारतं!" थोडी मोठी मुले दोन मित्रांची गोष्ट सांगतील. त्यातला एक झाडावर चढून वाचतो, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन. मैत्रीचा धडा म्हणून गोष्ट चांगलीच आहे. पण अस्वलही झाडावर चढते, हे ती सांगत नाही. मोहाची फुले वेचायला जाणाऱ्या पोराला ही एवढीशी उणीव फार महागात पडेल.

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरच्या रानात आजही अस्वले आहेत. लातूरकडच्या मुलाला ती दिसत नाहीत. पण रेणुकामातेच्या दर्शनाला माहूरगडी तोही येतोच. पूर्वी दरवेशी वेसण घातलेले अस्वल गावोगाव नाचवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अस्वलाला संरक्षण दिले आणि पुढे तो क्रूर खेळ थांबला. बरेच झाले. मात्र आता मुलांची ओळख राहिली ती चित्रातल्या अस्वलाशीच.

चित्रापुढचे काही हातात द्यायला पैसे लागत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा खडे, बिया, पाने, शिंपले हेच मुलांचे साहित्य होते. तीच वाट आपण धरू.

पोत्याची आई : जुन्या पोत्यात भुसा भरा. वरून काळ्या चिंध्या टाका. छातीवर चुन्याने घोड्याच्या नालासारखी पांढरी खूण काढा. पाठीवर चिंध्यांची दोन पिल्ले बसवा. अस्वलीण आपली पिल्ले कित्येक महिने अशीच पाठीवर घेऊन हिंडते, आणि पिल्ले जवळ असली की ती फार चिडखोर होते.

नख्या : बांबूच्या कामटीच्या बोटाएवढ्या, किंचित वाकड्या नख्या करा. टोके बोथट ठेवा. वाळलेल्या मातीचा ढीग मुलाने आधी बोटांनी उकरावा, मग या नख्यांनी. त्या वारूळ फोडण्यासाठी आहेत, गुदगुल्यांसाठी नव्हेत, हे त्याचे तोच सांगेल.

तोंड : वहीच्या कागदाची सुरळी करा. तिच्यातून फुंकून भुसा उडवायला लावा. मग सुरळीच्या टोकाला कागदाचा मोठा कपटा ओढून धरायला सांगा. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते आधी माती फुंकते, मग वाळवी ओढून घेते.

पाऊल : ओल्या मातीत मुलाचे अनवाणी पाऊल उमटवा. शेजारी अस्वलाचे मागचे पाऊल काढून दाखवा. पाच बोटे, पुढे नख्यांच्या खुणा, आकार बराचसा माणसाच्या पावलासारखा. बिबट्याच्या ठशात बोटे चारच दिसतात.

नाक : मुलाचे डोळे बांधा. कांदा, पेरू, सुकी मोहफुले वासावरून ओळखू द्या. अस्वलाचे नाक तिखट, नजर मात्र अधू. वारुळात तोंड खुपसलेले असले की माणूस जवळ येईपर्यंत त्याला कळतही नाही. आता विचारा, "तू गुपचूप जवळ गेलास तर काय होईल?" ते दचकेल आणि भीतीने अंगावर येईल, हे उत्तर मुलाकडूनच येऊ द्या.

मग पोळ्याच्या घुंगरांतले चार घुंगरू काठीला बांधा आणि हे नियम खेळातूनच घोकून घ्या : रानात एकट्याने जायचे नाही. पहाटे नि तिन्हीसांजेला तर नाहीच. जाताना बोलत, काठी वाजवत जायचे. अस्वल दिसले तर दगड मारायचा नाही, पळायचे नाही, झाडावर चढायचे नाही. हळूहळू मागे सरायचे. पिल्लू एकटे दिसले तरी जवळ जायचे नाही. अंगावर आलेच तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान झाकायची.

चैत्रात मोह गळू लागतो. त्याआधीच एक जुने पोते बाजूला काढून ठेवा.